सोलापुरात चौघांच्या थाई जेवणाचं बिल 4,851 रुपये: पैसे वसूल झाले का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात नव्याने सुरू झालेल्या एका ‘मॉडर्न थाई’ हॉटेलात तुम्ही, पत्नी, आई आणि कॉलेजातला मुलगा असे चौघे गेलात. आई आणि पत्नी शाकाहारी. बिल 4,851 रुपये झालं, चव ‘बरी, पण गोडसर’ वाटली, पोट भरलं नाही आणि आईंनी घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. पुण्यातला मित्र म्हणतो, एवढ्यात हे स्वस्तच पडलं. मग पैसे वसूल झाले की आपण लुटले गेलो, आणि अशा ठिकाणाची पारख करायची कशी?

बिलाचा आणि मेनूचा फोटो टाकलात ते बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. मी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांमध्ये थाई सेक्शन सांभाळला आहे आणि आता सोलापूर आणि आसपासच्या हॉटेलांना मेनू बसवून देतो. तुम्ही गेलात त्या हॉटेलाशी माझा व्यवहार नाही आणि तिथलं जेवण मी चाखलेलं नाही. म्हणून तिथला आचारी चांगला की वाईट हे मी सांगणार नाही. पण तुमची ऑर्डर पाहून पैसे कुठे गेले हे सांगता येतं, आणि पुढच्या वेळी आचाऱ्याची पारख तुम्हालाच करता येईल असं काही सांगता येतं.

आधी बिल. चार सूप 960, चिकन साते (काडीला लावून भाजलेलं चिकन) 420, मक्याच्या टिक्क्या 360, व्हेज ग्रीन करी 560, चिकन मसामन 620, व्हेज पॅड थाई 460, मँगो स्टिकी राइस 380 आणि दोन मॉकटेल 440. एकूण 4,200. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 420, आणि या सगळ्यावर 5 टक्के जीएसटी 231. यातले 1,400 रुपये, म्हणजे मूळ रकमेचा बरोबर तिसरा हिस्सा, सूप आणि मॉकटेलवर गेला. कुठल्याही हॉटेलात सर्वांत जास्त सुटतं ते या दोन गोष्टींवर. त्यात गैर काही नाही, धंदा असाच चालतो. पण तिसरा हिस्सा पाण्यासारख्या पदार्थांवर गेल्यावर पोट भरलं नाही याचं नवल वाटायला नको. वर दोन स्टार्टर. करी टेबलावर आली तोवर भूक अर्धी मेलेली आणि बजेट अर्ध्याहून जास्त संपलेलं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. चौघांत दोन करी मागवल्यात आणि जादा भात एकही नाही. करीसोबत आलेली एकेक वाटी, तेवढाच भात. आपल्याकडे जेवण भाकरी-चपातीने सुरू होतं आणि भात शेवटी येतो, त्यामुळे भात मागवायचं सुचत नाही. थाई जेवणात भात पहिला. सगळे पदार्थ एकदम मधे मांडतात, प्रत्येकाच्या ताटात साधा भात असतो आणि त्यावर एका वेळी एका पदार्थाचे एक-दोन चमचे घेऊन खातात. करी खारट, तिखट आणि दाट करतात ती एवढ्यासाठीच की तिच्या दुप्पट भात पोटात जाणार आहे. भाताशिवाय नुसती वाटीतून चमच्याने खाल्ली की तीच करी अती गोड आणि तेलकट वाटते. ‘गोडसर’ ही तुमची तक्रार खरी असेल, पण तिच्यातला किती भाग स्वयंपाकघराचा आणि किती भाताच्या अभावाचा, हे या जेवणावरून ठरवता येणार नाही. सूप, मग स्टार्टर, मग मेन कोर्स ही पंजाबी-चायनीज हॉटेलांची सवय या जेवणाला लावली की पैसे जास्त जातात आणि चवही उलगडत नाही. खरं तर हे वेटरने सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही, हा मात्र त्या हॉटेलाचा दोष आहे.

पॅड थाईचंही तसंच. ते म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, मुळात एका माणसाचं एका ताटातलं जेवण. 1930 च्या दशकाचा शेवट आणि 1940 चं दशक या काळात थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान पिबुलसोंग्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याचा प्रचार केला, आणि गाड्यांवरून ते देशभर पसरलं. चौघांत वाटलं की प्रत्येकाला चार घास येतात आणि कुणाचंच समाधान होत नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं आता घेऊ. पुण्यात अशा ठिकाणी यापेक्षा जास्त बिल होतं हे खरं, पण पुण्यात स्वस्त म्हणजे सोलापुरात रास्त, असं होत नाही. दर कशावर ठरतात ते सांगतो. कच्च्या मालाचा खर्च दराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवायचा, हा या धंद्यातला सर्वसाधारण हिशोब. उरलेल्यात भाडं, पगार, गॅस, वीज, नासाडी आणि मालकाचा नफा. सोलापुरात भाडं पुण्याहून कमी, पगारही कमी. पण नासाडी जास्त. गवती चहा इथे सहज मिळतो. थाई आलं म्हणजे गालांगल, काफिर लाइम या सुवासिक लिंबाची पानं, थाई बेसिल हे मात्र बहुतेक पुण्या-मुंबईच्या एक्झॉटिक भाजीवाल्यांकडून येतं. रात्रीच्या बसला पार्सल टाकतात, सकाळी स्टँडवरून उचलतात. एप्रिल-मेच्या उन्हात बेसिलची जुडी दुपारपर्यंत काळी पडते. पुण्यात जो माल दोन दिवसांत खपतो तो इथे आठवडाभर पुरवावा लागतो, कारण सोमवार-मंगळवारी टेबलं रिकामी असतात आणि श्रावणात मांसाहारी बाजू जवळपास बंद पडते. म्हणून सोलापुरातल्या थाई हॉटेलाचा दर पुण्याच्या थोडा खाली असावा, निम्मा असण्याची अपेक्षा ठेवू नये. 560 रुपयांची व्हेज ग्रीन करी मला महाग वाटत नाही, पण तिची पेस्ट, म्हणजे मसाल्याचं वाटण, स्वयंपाकघरात वाटलेली असेल तरच. किलोच्या डब्यातली तयार पेस्ट असेल तर त्याच करीचे 350 ते 400 रास्त.

हे ओळखायचं कसं? इथे थोडा वेळ देतो, कारण थाई जेवणात पैसे कष्टाचे असतात आणि कष्ट सगळ्यात जास्त पेस्टमध्ये.

पेस्ट वाटण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी धणे, जिरे, मिरी असे कोरडे मसाले. मग मिरच्या आणि मीठ. मिठाचे कण रेशे फोडायला मदत करतात. मग गवती चहाचा खालचा पांढरा भाग, गालांगल, काफिर लाइमची साल, कोथिंबिरीची मुळं. ही मुळं आपण फेकून देतो. लक्ष्मी मंडईत जुडी मुळांसकट मिळते, धुऊन घेतली की काम झालं. पानांपेक्षा मुळांचा वास जास्त मातकट आणि खोल असतो आणि थाई पेस्टला तोच हवा. शेवटी लसूण, छोटे कांदे आणि मांसाहारी पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट. खलबत्त्यात हे सगळं एकजीव व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. आपल्याकडे उखळात कुटलेली शेंगाचटणी आणि मिक्सरमध्ये फिरवलेलं शेंगदाण्याचं कूट यांत जो फरक असतो तोच इथे असतो: कुटल्यावर तेल सुटतं आणि वास त्या तेलात धरला जातो, मिक्सरमध्ये नुसते तुकडे होतात. बहुतेक हॉटेलं मिक्सर वापरतात आणि ते मला मान्य आहे. निदान वाटण ताजं असावं.

जेवताना तपासायचं असं. पेस्ट घरची असेल तर ग्रीन आणि रेड करी एकमेकींपासून साफ वेगळ्या लागतात. ग्रीनमध्ये हिरव्या मिरचीचा आणि पानांचा ताजा, थोडा कच्चा वास, रेडमध्ये वाळल्या मिरचीचा भाजका खमंगपणा. फक्त रंग वेगळा आणि चव एकच असेल तर डबा समजा. दुसरी खूण म्हणजे तवंग. पेस्ट आधी नारळाच्या दाट दुधात परततात, दूध फुटून तेल सुटेपर्यंत. मग करीवर हिरव्या किंवा लाल तेलाचे बारीक थेंब दिसतात. पॅकेटच्या दुधात ते फुटू नये म्हणून काही घातलेलं असतं, त्यामुळे तवंग कमी येतो. चांगला आचारी थोडं तेल घालून ती कसर भरून काढतो. पण करी खिरीसारखी एकसारखी पांढुरकी-हिरवी आणि वर एकही थेंब नाही, म्हणजे पेस्ट परतलेलीच नाही, नुसती दुधात उकळली. अशा करीला लसणाचा कच्चा वास येतो आणि तो झाकायला साखर पडते. तुमच्या ‘गोडसर’चं एक कारण हेही असू शकतं. फोटोत करी दिसत नाही, म्हणून आठवून पाहा.

सूपची पारख याहून सोपी. टॉम यम या आंबट-तिखट थाई सूपच्या वाटीत गवती चहाचे ठेचलेले तुकडे, गालांगलच्या चकत्या आणि लिंबाची पानं दिसायलाच हवीत. ती खायची नसतात, बाजूला काढायची असतात. काही हॉटेलं गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणून गाळून देतात. तसं असेल तर विचारा, राग मानणार नाहीत. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं असतं. उकळलं की त्याचा वास उडतो आणि मागे कडवटपणा राहतो. म्हणून वाटी आली की आधी वास घ्या. ताज्या लिंबाचा वास नाकाशी आला तर आतलं काम नीट आहे. कोळंबीचं टॉम यम 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून बऱ्याच मेनूंवर ते ठळक छापतात आणि दर वाढवतात. त्या छापण्यावर जाऊ नका.

माझं स्वतःचं पहिलं माप मात्र सोम तम. कच्च्या पपईची कोशिंबीर, दिसायला अगदी साधी. ऑर्डर आल्यावर मातीच्या उखळीत लाकडी मुसळाने लसूण-मिरची, ताडगूळ, लिंबू, चवळीच्या शेंगा, टोमॅटो असं क्रमाने ठेचतात, मग पपईचा कीस घालून हलक्या हाताने दाबतात, वर शेंगदाणे. आधी करून फ्रिजमध्ये ठेवली की पपई पाणी सोडते आणि सगळं मऊ पडतं. टेबलावर आल्यावर पपई दाताखाली कुरकुरीत आहे का आणि ताटलीच्या तळाशी फार पाणी नाही ना, एवढं बघा. आंबट, खारट, गोड, तिखट या चारही चवी एका घासात आल्या पाहिजेत आणि एकीनेही दुसरीला दाबता कामा नये. जो आचारी हे करू शकतो त्याच्या करीवर मी विश्वास ठेवतो. तुम्ही ती मागवलीच नाहीत. मेनूवर 340 ला आहे.

मसामनबद्दल थोडं. तिच्यात दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ हे आपले मसाले, बटाटा आणि शेंगदाणे. मुस्लिम व्यापाऱ्यांच्या संपर्कातून ती सयामी स्वयंपाकात आली असं मानतात. त्यामुळे सोलापूरकराला ती लगेच आवडते आणि तिचा कसही आपल्याला चांगला कळतो, कारण कच्चा मसाला आपली जीभ पटकन पकडते. मुलाला आवडली असं तुम्ही लिहिलंय, ते पटण्यासारखं आहे. ती ठेवा.

भाताचा विचार हॉटेलवाले सर्वांत कमी करतात. थाई जस्मिन तांदूळ किंचित चिकट आणि मऊ असतो, म्हणून करी धरतो. जस्मिन महागडा आहे म्हणून कुणी बासमती देतं; ते मला पटत नाही, तो मोकळा राहतो आणि करी खाली निथळते. खर्च वाचवायचाच असेल तर इंद्रायणी द्यावा, तो जास्त जवळ जातो. तसं करणाऱ्या हॉटेलाला मी नावं ठेवणार नाही, फक्त मेनूवर जस्मिन लिहू नये.

आता ‘मॉडर्न’ या शब्दाचे किती पैसे द्यायचे? तुम्ही लिहिलंय की साते काचेच्या घुमटाखाली धूर भरून आलं आणि टिक्क्यांवर फुलं होती. धुराचा घुमट टेबलावर अर्धा मिनिट छान दिसतो, पण कोळशावर भाजलेल्या सातेची चव त्याने येत नाही. मी एकच प्रश्न विचारतो: हा बदल काढून टाकला तर चवीत काही कमी होईल का? होत नसेल तर त्याचे पैसे सजावटीचे. सजावटीचे पैसे द्यायला हरकत नाही, वाढदिवसाला आपण देतोच, पण ते जेवणाच्या हिशोबात धरू नयेत. उलट काही आधुनिकपणा खरोखर कामाचा असतो. मांस कमी तापमानावर तासन्‌तास शिजवून मसामनमध्ये घालणं, किंवा इथली भाजी थाई पद्धतीने करणं. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबाचे दाणे सोम तममध्ये घातले तर ते मला मनापासून आवडेल, कारण आंबटगोड चव तिथे बसते.

थायलंडात सध्या सर्वांत जास्त मान कशाला आहे तेही पाहा. हॉटेलांना दर्जाचे तारे देणाऱ्या मिशलिन गाइडची बँकॉकची पहिली आवृत्ती डिसेंबर 2017 मध्ये आली तेव्हा जे फाय यांच्या रस्त्याकडेच्या साध्या दुकानाला तारा मिळाला. त्या कोळशाच्या शेगडीवर स्वतः उभ्या राहून खेकड्याचं ऑम्लेट करतात, आणि रस्त्यावरच्या दुकानाच्या मानाने त्याचा दर भलताच चढा आहे. लोक तो देतात कारण आत खेकड्याचं मांस गच्च भरलेलं असतं आणि हात त्यांचा असतो. 2025 च्या आवृत्तीत ‘सॉर्न’ला तीन तारे मिळाले, थाई जेवणाच्या हॉटेलाला तीन मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि ते हॉटेल दक्षिण थायलंडच्या पारंपरिक जेवणावर उभं आहे. दोन्हीकडे पैसे मालाचे आणि हाताचे आहेत. सोलापुरातल्या हॉटेलालाही हेच माप लावा, आपल्या दरांच्या प्रमाणात.

शाकाहाराचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलाय, पण माझ्या मते तो पैशांपेक्षा मोठा आहे. थाई स्वयंपाकात मिठाची जागा बऱ्याचदा फिश सॉस घेतो. तयार करी पेस्टच्या बऱ्याच डब्यांत कोळंबी असते, पॅड थाईत सुकी कोळंबी पडते, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस असतो. ‘व्हेज’ म्हणजे फक्त चिकन काढलेलं असं समजणारी स्वयंपाकघरं मी पाहिली आहेत. म्हणून वेटरला तीन गोष्टी नेमक्या विचारा: पेस्टमध्ये कोळंबी आहे का, मिठासाठी फिश सॉस वापरता की सोया सॉस, आणि व्हेजची कढई वेगळी आहे का. ‘हो हो, प्युअर व्हेज’ एवढ्यावर थांबू नका, आत विचारून यायला सांगा. नीट हॉटेलाला या प्रश्नांची सवय असते. थायलंडात ‘जे’ नावाची कडक शाकाहारी परंपरा आहे, ती लसूण-कांदाही वर्ज्य करते, म्हणजे हा स्वयंपाक शाकाहारी होत नाही असं मुळीच नाही. फक्त फिश सॉस काढल्यावर जो खोलपणा जातो तो मशरूमने किंवा आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टने भरून काढावा लागतो. तो न भरता नुसतं मीठ घातलं तर व्हेज करी बेचव गोड लागते. ‘गोडसर’चं हे तिसरं संभाव्य कारण, आणि आई आणि पत्नी या दोघींच्या बाबतीत मला हेच जास्त शक्य वाटतं.

एक गोष्ट आईंसाठी आधीच सांगून ठेवतो. मेनूवर ‘क्रपाव’ आहे, म्हणजे बेसिलची पानं घालून परतलेला पदार्थ. त्यात घालायचं पान म्हणजे होली बेसिल, आणि ते वनस्पती म्हणून आपली तुळसच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, घराघरात वृंदावन. तुळस मांसात परतलेली अनेकांना चालणार नाही, आणि नुसती शिजवलेलीही काहींना चालणार नाही. मी इथे मेनू बसवतो तेव्हा बडीशेपेच्या वासाचं दुसरं थाई बेसिल वापरतो आणि मेनूवर तसं लिहितो. मूळ पदार्थाहून चव बदलते, पण इथे मला तेच योग्य वाटतं. कोणतं पान आहे ते विचारून मगच टोफू क्रपाव मागवा.

तिखटाबद्दल: सोलापुरी जिभेला ही हॉटेलं घाबरतात आणि उगाच तिखट कमी करून साखर वाढवतात. ऑर्डर देतानाच ‘साखर कमी, तिखट नेहमीचं’ असं सांगा. शिवाय ‘प्रिक नाम प्ला’ मागा, म्हणजे बारीक मिरच्या, फिश सॉस आणि लिंबू यांची वाटी. तुमच्या आणि मुलाच्या ताटाला ती पुरेल. आई आणि पत्नीसाठी त्याच मिरच्या सोया सॉस आणि लिंबात द्यायला सांगा. याचे पैसे सहसा लावत नाहीत.

सर्व्हिस चार्जचं वेगळं सांगायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार हॉटेलाला तो बिलात आपोआप लावता येत नाही. तो ऐच्छिक आहे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. तुमच्या बिलात 420 अधिक त्यावरचा जीएसटी 21, असे 441 रुपये याचेच आहेत. शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणायचं, बहुतेक जागी लगेच काढतात. नाही काढला तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वेटरने चांगली सेवा दिली असेल तर टिप त्याच्या हातात द्या, ती त्याला पोचते.

आता तुम्ही फोटो टाकलेल्या त्याच मेनूतून चौघांची ऑर्डर मी कशी दिली असती ते लिहितो. दोन सूप, एक व्हेज आणि एक चिकन, दोन्ही वन बाय टू: 480. सोम तम, फिश सॉस आणि सुकी कोळंबी न घालता: 340. व्हेज ग्रीन करी 560. टोफू क्रपाव 480. तुमच्या आणि मुलाच्यात चिकन मसामन 620. जादा साधा भात दोन प्लेट 240. नारळाचं आइस्क्रीम दोन 320. झाले 3,040, जीएसटी धरून 3,192. भात सगळ्यांच्या ताटात आधी आणि बाकी सगळं एकदम टेबलावर आणायला सांगायचं. चॉपस्टिकची गरज नाही. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्याने चमच्यात ढकलायचं. थाई लोक असंच खातात, आणि आईंना हे सोपं जाईल. एवढ्यात चौघांचं पोट नक्की भरतं.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: लुटले गेलात असं मला वाटत नाही, पण 4,851 रुपये वसूलही झाले नाहीत. साधारण 1,650 रुपये ऑर्डरच्या मांडणीत आणि सर्व्हिस चार्जमध्ये गेले. उरलेल्या पैशांना ते हॉटेल लायक आहे का, हे दुसऱ्या फेरीशिवाय ठरणार नाही. जायचं तर शनिवारी जा. आठवड्याचा ताजा माल बहुतेक ठिकाणी शुक्रवार-शनिवारच्या गर्दीसाठी येतो. आदल्या दिवशी फोन करून बेसिल ताजं आहे का हे विचारलंत तरी चालेल. सोम तम मऊ आणि पाणचट आली, ग्रीन करीवर तवंग नसला आणि सूपला लिंबाचा वास नसला, तर तिसऱ्यांदा जाऊ नका, बिल कितीही कमी आलं तरी.

मँगो स्टिकी राइस मात्र या फेरीत घेऊ नका. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात, तेव्हा आंब्याचा हंगाम संपलेला, म्हणजे ताटात बहुधा फ्रोझन फोडी किंवा डब्यातला आंबा होता आणि त्याचे 380 लावले. एप्रिल-मेमध्ये हापूस किंवा केशर बाजारात असताना मागवा. चिकट भात रात्रभर भिजवून वाफवलेला आणि कोमट हवा, गार आणि कडक आला तर परत पाठवा.